जुना टाक टाकून देऊ नका

या, जरा अलीकडं सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं या, सतरंजी मोठी आहे आणि आवाज आज बारीक लावायचा आहे. आजची गोष्ट राजाची नाही, की कुणा महापराक्रमी पुरुषाची नाही. दोन अक्षरांच्या एका शब्दाची आहे. शब्द एक, अर्थ दोन, आणि त्या दोन अर्थांच्या फटीत एका माऊलीचं लेकरू अडकून पडलं. ऐकताना मध्येच हसू येईल. येऊ द्या. ते फार वेळ टिकायचं नाही.

तो शब्द म्हणजे टाक. शिकलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल टाक म्हणजे लेखणी, शाईत बुडवून लिहायची. आणि आपल्या देशावरच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात विचारा, तर घरातली बाई देव्हाऱ्याकडं बोट करील. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, नाहीतर भवानी, नाहीतर त्या घरातलंच गेलेलं माणूस. माणूस मातीत जातं, पण टाकाच्या रूपानं घरात राहतं. त्याला रोज हळदीचं बोट लागतं, सणाला घास दाखवला जातो. बघणारं कुणी आहे तोवर.

चिखलीत, गावठाणाची घरं संपून लेथ मशिनांच्या पत्र्याच्या शेडी सुरू होतात ना, तिथं सोपानराव राहायचे. मूळचे गावकरी, शेत केव्हाच प्लॉट होऊन गेलं होतं. आकुर्डीच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली, पण जीव सगळा जुन्या शाईच्या पेनांत. काळी इबोनाईटची जाड पेनं, मोत्याच्या रंगाची, शाई आत कुठवर आली ते दिसावं म्हणून पारदर्शक काच ठेवलेली, टोपणावर मालकाचं नाव कोरलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी या नादाचं मासिक काढलं. मासिक कसलं, वर्षाला चार अंक, मध्ये दोन पिना मारलेले. नाव ठेवलं ‘टाक’, आणि खाली बारीक अक्षरात ‘जुन्या शाईपेनांच्या संग्राहकांसाठी’.

त्या अंकात काय नसायचं! वाळलेली शाई कशी सोडवावी, फाटलेली निब कशी जुळवावी, मिरजेच्या बाजारात कुणाला काय गवसलं, अकोल्याच्या हेडमास्तरांनी कुणाच्या सहीचं पेन जपलंय. नाव मात्र घोटाळ्याचं. अधूनमधून कुणाचा तरी फोन यायचा, “खंडोबाचा टाक करून मिळंल का? जेजुरीला जायच्या आत पायजे.” सोपानराव हसून सराफाचा पत्ता द्यायचे आणि पुढच्या अंकात तो किस्सा छापायचे.

पण वाचणारे सगळे म्हातारे. हळूहळू अंक परत येऊ लागले. वेष्टनावर पोस्टमनच्या अक्षरात ‘पत्तेदार मयत’. ते परत आलेले गठ्ठे सोपानराव गॅलरीत रचून ठेवत. मुलगा अजिंक्य म्हणायचा, “बाबा, तुमचं हे मासिक आता यमालाच वर्गणीदार करून घ्या. सगळे वाचक तिकडंच आहेत.” सोपानराव पुढच्या अंकाचे पत्ते लिहायला घेत. हात थोडा थरथरायला लागला होता त्यांचा, चहाचा कप बशीत वाजायचा. तो वाजू नये म्हणून ते अलीकडं चहा पेल्यात घेत.

प्रत्येक अंकाच्या पाठीवर ते एक निवेदन छापत. वर जाडजूड काळ्या पेनाचं चित्र आणि खाली: ‘घरातला जुना टाक टाकून देऊ नका. तुम्हाला जड झाला असेल, पुढं बघणारं कुणी नसेल, तर आमच्याकडे आणून द्या. आम्ही तो जन्मभर सांभाळू, त्याचा मान राखू.’ खाली नाव आणि पत्ता.

एका अंकाच्या वेळी मिरजेचे जुने वाचक गेल्याची बातमी आली. अंक तयार झाला होता, जागा कुठंच नव्हती. दापोडीच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावणारी निशिगंधा म्हणाली, “काका, मागच्या पानावरचं पेन काढलं तर यांचा फोटो बसेल.”

सोपानराव म्हणाले, “काढ पेन. माणूस बसव.”

पेन गेलं. पाठीवर राहिला हार घातलेला एक गेलेला माणूस, आणि त्याच्या खाली ते निवेदन. घोळ इथं झाला. आणि तो अंक निघाल्यावर काही दिवसांनी अजिंक्यनं गॅलरी साफ केली, मयत वाचकांचे परत आलेले सगळे गठ्ठे, त्यात याही अंकाचे, रद्दीत घातले. रद्दी कुठं जाते, कोण बघतो?

एका दुपारी दारात एक बाई उभी. नऊवारी पातळ, कपाळ मोकळं, काखेत पिशवी. पायातल्या चपला तिनं फाटकाशीच काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

“टाक संभाळणारे सोपानराव तुमीच व्हय?”

“मीच. या ताई, बसा. लांबून आलात का?”

“म्हाळुंग्याच्या अलीकडून. भागूबाई म्हनत्यात मला.” ती खुर्चीवर न बसता खालीच बसली. “टाक आनलाय.”

सोपानरावांचा चेहरा फुलला. त्यांच्याकडं एरवी मुलं यायची, बाप गेल्यावर त्याची पेनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लवकर सुटका व्हावी अशा घाईनं. ही बाई पिशवी छातीशी धरून बसली होती.

“कसला आहे?”

“चांदीचा.”

“चांदीचा!” सोपानराव सरसावले. चांदीचं टोपण त्यांनी पाहिलं होतं, सबंध चांदीचं पेन हाताळायला मिळालं नव्हतं. “यजमानांचा का?”

“न्हाई. ल्योकाचा. सिद्धेशचा.”

“वा! म्हणजे पोरालाही नाद होता. आता वापरात आहे का?”

“कोन?”

“टाक हो.”

भागूबाई जरा गोंधळली. “रोजच्याला हाय की. सकाळी अंगूळ केली की पयला हात त्यालाच.”

“उत्तम. रोज हात लागला की सुकत नाही. नाहीतर आतल्या आत गोठतं सगळं. शेवटचा कधी धुतला?”

“आमोशेला. दह्यानं.”

“दह्यानं?” सोपानराव अर्धे उठलेच. “अवो ताई, दही काय घालता! कोमट पाणी, बास. आंबट लागलं की निब कामातून गेली म्हणून समजा.”

“आमच्यात दह्यानंच धुत्यात,” बाई जरा दुखावून म्हणाली. “माज्या सासूनं शिकवलंय. मग हळद, मग कुक्कू.”

“हळद…” सोपानराव म्हणाले, आणि तो शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

भागूबाईनं पिशवीतून लाल खणाचा तुकडा काढला आणि मांडीवर उलगडला. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा. घोड्यावर बसलेला एक पोरगेला वीर, हातात तलवार. सोनारांकडं असतो तो ठरलेला साचा. पण रोजच्या बोटानं त्याचं नाक, डोळे इतक्या लवकर झिजले होते की तो कुणाच्याही घरचा पोर वाटावा.

बाहेर शेजारच्या शेडमध्ये मशीन सुरू होतं. ते थांबलं. मग भागूबाईच बोलत गेली. नवरा गेनबा आधीच गेलेला. जमीन कंपन्यांत गेली. सिद्धेश तिथंच कंत्राटावर कामाला लागला. सेकंड शिफ्ट सुटून मोटारसायकलवर घरी येताना चाकणच्या वाटेवर वळणावर ट्रेलर आला. लग्न व्हायचं होतं. आता एकटीला घर झेपत नव्हतं. लेक पूनम दापोडीला दिलेली, ती म्हणाली, आई माझ्याकडं ये. जावयानंही नाही म्हटलं नाही. पण माहेरचे देव सासरच्या देव्हाऱ्यात कसे चालतील? देव भावकीनं नेले. खंडोबा नेला, भवानी नेली, सासऱ्यांचा टाकही नेला.

“ह्येला मातुर न्हाई नेलं. म्हनले, अकाली गेल्यालं पोर, वासना ऱ्हायलेलं. आमच्या घरात ल्हान लेकरं हायती. गुरवाला इचारलं तर म्हनला, इंद्रायनीत सोड.” तिनं पत्रा बोटानं पुसला. “भाऊ, येकदा पोर इस्तवात घातलं. आता पान्यात घालू?”

सोपानरावांनी खाली मान घातली. “ताई, तुम्हाला आमचा पत्ता कुणी दिला?”

तिनं कनवटीचा कागद काढला. तेलकट, बत्ताशांच्या चुऱ्याचा. “आळंदीला दर्शनाला गेल्ते, निरोप घ्याया. प्रसादाची पुडी ह्येच्यात हुती. शेजारची संस्कृती शाळंत जाती, तिनं वाचून दावलं. मी म्हनलं, परत वाच. माऊलीच्या दारातनं आल्याला कागुद, भाऊ. कुनी धाडला आसंल मग?”

हार घातलेला मिरजेचा माणूस त्या कागदावरून बघत होता. त्याच्या खाली सोपानरावांचंच निवेदन.

“ताई,” सोपानराव म्हणाले, “त्यात टाक म्हणजे…”

“‘जल्मभर संभाळू, मान राखू.’ आसंच हाय न्हवं? का पोरीनं वाचाया चूक केली?”

तिच्या डोळ्यांत एवढीशी भीती उभी राहिली होती. सोपानरावांनी इतकी वर्षं अंक लिहिले. लोक वाचायचे, कौतुक करायचे, विसरायचे. त्यांचं एक वाक्य कुणी तरी अक्षरन् अक्षर खरं मानून, बस बदलत, फाटकाशी चपला काढून त्यांच्या दारात आलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “बरोबर वाचलं पोरीनं. ठेवा.”

भागूबाईनं पूनमच्या खोलीचा पत्ता सांगितला आणि खण त्यांच्या ओंजळीत ठेवला. जाताना वळून ती त्यांच्याशी नाही, त्या पत्र्याशी बोलली. “हितं नीट ऱ्हा. कुनाला तरास दिऊ नगंस. येती मी.”

संध्याकाळी त्यांच्या पत्नी अंबुबाई कीर्तनाहून परतल्या. टेबलावर खण दिसला आणि दारातच थांबल्या.

“आवं, कुनाचं मानूस घरात घेतलंया?”

सोपानरावांनी सगळं सांगितलं. अंबुबाई वाईट बाई नव्हत्या, हे आधी सांगून ठेवतो. कीर्तनात पदर डोळ्याला लावणारी, दारच्या भिकाऱ्याला ताजी भाकरी देणारी बाई. ऐकता ऐकता त्याही रडल्या. पण डोळे पुसून म्हणाल्या, “देव्हाऱ्यात न्हाई.”

“अगं, मी शब्द दिलाय.”

“शब्द तुमी पेनाचा दिल्ता. तिनं मानसाचा घेतला. आपलं कुळ येगळं, देवक येगळं. आनि तनुजाकडं बगा जरा.” सुनेला दिवस गेले होते, आणि आधीचं एक राहिलं नव्हतं. “मी काय त्या पोराला वाईट म्हनत न्हाई. पर माजं मन घाबरतंय. मी तुमच्या पाया पडते.”

बायको पाया पडते म्हटल्यावर पुरुषानं काय बोलावं? सोपानरावांनी खण उचलला आणि पेनांच्या कपाटात, मखमलीच्या कप्प्यात ठेवला. वर मोत्याच्या रंगाचं पेन, खाली इबोनाईटचं, मध्ये सिद्धेश. पंधरा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. ‘मान राखू’ म्हणायचं आणि पोराला वस्तूंच्या कपाटात कोंडायचं! हे त्यांना बघवेना. जाऊन खरं सांगू, परत देऊ, असं ठरवून एका सकाळी त्यांनी खिशातलं पेन काढून ठेवलं आणि त्या जागी टाक ठेवून दापोडीची बस धरली.

रेल्वेच्या रुळांकडच्या गल्लीत पूनमची खोली. भागूबाई अंथरुणाला खिळलेली. घर सुटल्यावर बाई अशी कोसळली होती की डॉक्टरला नावच सापडत नव्हतं दुखण्याला. सोपानरावांना बघताच ती उठायला लागली.

“आला व्हय भाऊ? पूने, ह्येच ते. ह्येंच्याच देव्हाऱ्यात हाय आपला सिद्धेश.” आणि मग हळूच, शेजारणीनं शेजारणीला विचारावं तसं, “रुळला का? लाजरं हाय पोर. नव्या घरी जेवायचं न्हाई लवकर.”

सोपानरावांचा हात खिशाकडं गेला होता. तो तिथंच थांबला.

“रुळला,” ते म्हणाले.

पूनमनं चहा दिला. कप बशीत वाजत राहिला, आणि भागूबाईला वाटलं, भाऊ थकलेत.

ते टाक घेऊन गेले होते, टाक घेऊनच परतले. अंबुबाईंनी शर्टाच्या खिशाला आलेला उंचवटा बघितला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या दिवसापासून तो खिसाच सिद्धेशचं घर झाला. कपाटात नको, देव्हाऱ्यात नाही, मग जायचं कुठं पोरानं? सोपानराव भाजीला निघाले की तोही जाई, छापखान्यात गेले की तिथंही. अंबुबाई शर्ट धुवायला घेत तेव्हा खण आधी काढून खिडकीत ठेवत, आणि वाळलेल्या शर्टात परत घालत. बोलायचं मात्र दोघांनीही टाळलं. तनुजाला मुलगी झाली, सुखरूप झाली. तरीही देव्हाऱ्याचा विषय निघाला नाही.

आणि मग पूनमचा फोन आला. आई गेली.

दहावा आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर. माणसं थोडीच. भावकीतला एकजण उशिरा येऊन मागं उभा राहिला. प्रवचनाला आलेले महाराज तरुण होते. लाऊडस्पीकर लावून त्यांनी आईचं महत्त्व सांगितलं, पण त्यांना भागूबाईचं नाव दोनदा विचारावं लागलं. नदीवर पांढरा फेस तरंगत होता, लांबून बघणाऱ्याला कापूस पिंजून टाकल्यासारखा.

पिंड ठेवला. सगळे बाजूला सरले. कावळा काही येईना. एक आला, समोरच्या विजेच्या तारेवर बसला, मान तिरकी करून बघत राहिला, खाली उतरेना. आता काय सांगावं, आपल्यात रीतच आहे, गेलेल्याचं मन कुठं अडकलंय ते ओळखून जिवंतांनी शब्द द्यायचा. जावई म्हणाला, “आई, मी पूनमला कधी काही कमी पडू देणार नाही.” पूनम म्हणाली, “आये, मी सणावाराला तुझं गावचं घर उघडीन, दिवा लावीन.” कावळा तारेवरच.

पूनमनं वळून सोपानरावांकडं बघितलं. “काका, तुम्हीच सांगा. तिचा जीव दादात अडकलाय. सांगा तिला, दादा तुमच्या देव्हाऱ्यात कायम राहील म्हणून. उतरेल मग तो.”

सोपानराव पुढं झाले. जिवंत बाईशी ते खोटं बोलले होते, तिच्या डोळ्यांतली भीती बघून. पण पिंडासमोर हात जोडून खोटं कसं बोलायचं? अंबुबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

“भागूबाई,” सोपानराव म्हणाले, आणि अंकात कधी न लिहिलेली त्यांची घरची बोली तोंडाला आली. “माझ्याकडनं चुकलं. मी पेनाचा मानूस. त्यो कागुद पेनाचा हुता. तुमच्या सिद्धेशला मी देव्हाऱ्यात ठिवला न्हाई. ठिवता आला न्हाई.” त्यांनी खिशातून खण काढला. “ह्यो हितं हाय. खिशात. आजपातूर हितंच हुता.”

 पूनमनं त्या खणाकडं बघितलं.

“काका, त्याच दिवशी सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या, पोरी.”

“रडली असती. मग उठली असती आणि दुसरं दार शोधलं असतं. अंगात बळ होतं तेव्हा तिच्या.” पूनमचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. “तुम्ही ठेवा म्हणालात आणि तिचं शोधणं थांबलं. निवांत होऊन झोपली ती, ती उठलीच नाही.”

सोपानरावांनी खण तिच्यापुढं धरला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा नदीकडं बघत होता. भावकीतला तो एकजण चपला शोधायला लागला. पूनमनं टाकाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि खण तसाच सोपानरावांच्या हातात राहू दिला.

कावळा तारेवरून उडाला. खाली नाही, नदीपलीकडं. गुरुजींनी वाट बघितली, मग घड्याळ बघितलं. मागं दुसऱ्या घरची माणसं पिंड घेऊन थांबली होती. गुरुजींनी दर्भाची काडी दुमडून त्याचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.

“शिवला,” गुरुजी म्हणाले. “चला, आंघोळी करा.”

पुढचा अंक निघाला नाही. ते निवेदन सोपानरावांना आता छापवेना, आणि त्याच्याशिवाय अंक उघडाबोडका वाटे. उरल्यासुरल्या वाचकांनी मनाशी समजूत करून घेतली, की संपादकही पत्तेदार मयत. कुणी चौकशीचं कार्ड टाकलं नाही.

दहाव्यानंतरच्या अवसेला अंबुबाईंनी देव्हाऱ्यात दिवा लावला. आपल्या घरच्या गेलेल्यांची नावं त्या नेहमीसारखी घेत होत्या, सासरे, सासू, दीर. सोपानराव मागं पाटावर बसले होते. नावं संपली तरी अंबुबाई उठल्या नाहीत.

“आवं, त्या पोराचं नाव सिद्धेशच न्हवं?”

“व्हय.”

“बापाचं?”

“गेनबा.”

“आनि कुळ?”

 चांदीचं सोपानरावांनी विचारलं होतं, निबेचं विचारलं होतं. कुळ कुठं विचारलं होतं?

अंबुबाईंनी वात पुढं सारली. “टाक आत घ्यायला अजून मन धजत न्हाई माजं. ल्हान लेकरू हाय घरात. पर नाव घ्यायला कुठं उंबरा आडवा येतोय? कुळ न्हाई ठावं तर बिगर कुळाचं घेऊ.” आणि त्यांनी हात जोडून नाव घेतलं. सोपानरावांनी शर्टाच्या खिशावर तळहात ठेवला. तो हात आता आधीपेक्षा जास्त थरथरत होता. त्यांना ठाऊक होतं, जन्मभर म्हणजे त्यांच्याच जन्मभर, आणि तो काही फार उरला नव्हता. पुढं शर्टाचा खिसा कोण तपासणार? अजिंक्य गॅलरी साफ करतो तशी कपाटंही साफ करील, त्याचा तरी काय दोष? अंबुबाई आहेत तोवर नाव आहे. त्याही पिकलं पान.

म्हणून तुम्हाला एवढ्या अलीकडं बोलावलं. तुमच्या देव्हाऱ्यात जागा मागत नाही, तुमच्याही घरात लेकरं आहेत. पण तुम्ही संध्याकाळी दिव्यापुढं हात जोडता, आपल्या माणसांची नावं घेता. ती घेऊन झाली की उठायची घाई करू नका. एक नाव जास्तीचं घ्या. सिद्धेश. भागूबाईचा आणि गेनबाचा मुलगा, चाकणच्या वाटेवर गेला. पोर लाजरं आहे, दोनदा हाक मारावी लागेल.